चाळीस किलोचे दोन टक्के

"एवढं साधं वजन जमत नाही तुला?"

जयदेव मास्तरांची आणि माझी पहिली भेट ही अशी. साल अठ्ठ्याऐंशी, उल्हासनगर कॅम्प पाचातला कपडे रंगवायचा कारखाना. त्यांचा तिथला पहिला दिवस, माझं तिसरं वर्ष. कपड्याच्या वजनावर किती टक्के रंग, त्याचे ग्रॅम काढून मास्तर चिठ्ठीवर मांडायचे आणि मी तेवढा तोलून द्यायची. त्या दिवशी गुलाबी हव्या असलेल्या ओढण्या टाकीतून निघाल्या त्या भडक राणी रंगाच्या.

"अहो-जाहो करा," मी म्हटलं. "चिठ्ठीत बाराशे ग्रॅम होतं. बाराशेच दिलं."

शेट म्हणाले, "जिसकी गलती, वो शनिवार को घर."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सातवी नापास बाई... चूक आणखी कोणाची असणार! घर माझ्या पगारावर होतं. आणि टक्के म्हणजे काय, तेच मला ठाऊक नव्हतं. भांडू तरी कशी?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्यासमोर पाटी आपटली. "शिकवा. माझी चूक मला दिसली, की मी स्वतःच जाते."

"रागाने गणित येत नाही."

"मला रागानेच येतं."

ते हसले. हसताना बरे दिसत होते — त्याचा आणखी राग आला.

"शंभर किलोला दोन किलो, म्हणजे दोन टक्के. एका किलोला?"

"...वीस ग्रॅम."

"आता आपल्या ओढण्यांचं करा."

मी चाळीसला वीसने गुणलं. "आठशे."

"चुकलं. साठ किलो घ्या. मी स्वतः काट्यावर ठेवल्यात."

"वीस-वीसचे दोन गठ्ठे या हातांनी उचललेत, मास्तर. साठ कुठून आले?"

त्यांनी पाटीवर साठ लिहिलं. मग त्याखाली चाळीस.

"कधी ठेवल्यात काट्यावर?" मी विचारलं.

"धुऊन पिळल्यावर," ते हळूच म्हणाले. "पाणीसुद्धा तोललं मी."

मला वाटलं होतं, जिंकल्यावर बरं वाटेल. पण मी पटकन पाटी पुसून टाकली.

"गप्प राहा," मी चिडूनच म्हटलं. "शनिवारपर्यंत काहीतरी सुचेल."

"तुम्ही घरी बसणार, आणि मी गप्प?" ते उठले. तसेच शेटकडे गेले.

शनिवारी ते डबा घेऊन निघाले. चिठ्ठी लिहायचं काम शेटनी मला दिलं. मी फाटकापर्यंत धावले.

"विचारायचंत तरी मला! आता कुठे जाणार?"

"अंबरनाथला. एका रंगाऱ्याकडे बोलावलंय."

"पत्ता द्या. भांडण राहिलंय माझं."

"एकट्या येणार?"

"आईला घेऊन."

त्यांचे कान लाल झाले. "मग... रविवारी या. माझी आईही घरी असते."

त्या संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. आधी तासभर त्यांना शिव्या घातल्या. ती शांतपणे ऐकत होती, आणि ऐकता ऐकता माझी ठेवणीतली साडी बाहेर काढत होती.