पंचवीस लाल कोळंब्या

“पिशवी अजून उघडायची नाही. अर्धा तास अशीच तरंगू दे,” संयोगिता म्हणाली.

“अर्धा तास? सातारपास्नं मांडीवर घिऊन आलीस, आता आनी कशाला थांबायचं?” फिरदोसने विचारलं.

“पिशवीतलं पाणी आणि टाकीतलं पाणी सारखं गरम व्हायला पाहिजे. एकदम सोडल्या तर दगावतील.”

काचेच्या छोट्या टाकीत पिशवी तरंगत होती आणि पिशवीत पंचवीस लाल कोळंब्या होत्या, नखाएवढ्या. टाकी मामांच्या घरात, राजनंदिनीच्या पलंगाशेजारी ठेवली होती. ती तिच्यासाठीच होती.

राजनंदिनी संयोगिताची मामेबहीण, अकरा वर्षांची. मार्चमध्ये ती उसाच्या ट्रॉलीवरून पडली. तेव्हापासून तिचा उजवा पाय कमरेपर्यंत प्लास्टरमध्ये होता. वार्षिक परीक्षा बुडाली. आणखी एक ऑपरेशन लागेल, असं डॉक्टर म्हणत होते. पहिल्या महिन्यात ती चिडायची, रडायची. आता तेही बंद झालं होतं. ती नुसती छताकडे बघत पडायची.

म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत संयोगिता कवठे महांकाळला आली ती हे सगळं घेऊन. साताऱ्याच्या दुकानदाराने तिला मोटरचा मोठा फिल्टर दाखवला होता, रंगीत दाण्यांचा डबा पुढे केला होता. तिने दोन्ही परत सरकवले. मोटर पिल्लांना ओढून घेते. स्पंजच्या फिल्टरमधून नुसते बुडबुडे येतात आणि स्पंजवर बसून कोळंब्या चरतातही. खायला तिने वाळलेली बदामाची पानं आणली होती. वर आठवड्यातून दोनदा उकडलेल्या पालकाचा एवढासा तुकडा, तोही दोन तासांनी काढून टाकायचा. दर चार दिवसांनी थोडं पाणीही बदलायचं. शेजारच्या फिरदोसने महिनाभर आधीच माठातल्या पाण्याने टाकी भरून, शेवाळ घालून, स्पंज चालू करून ठेवला होता.

पिशवी उघडली. कोळंब्या एकेक करत बाहेर आल्या आणि शेवाळावर बसून चिमुकल्या पायांनी काहीतरी वेचू लागल्या.

“ती बघ, ती हातानं तोंड पुसतीया,” राजनंदिनी म्हणाली. दाराशी उभ्या असलेल्या अंजनामामीने पदर डोळ्यांना लावला. कितीतरी दिवसांनी पोरगी आपणहून काही बोलली होती.

चौथ्या दिवशी सकाळी चार कोळंब्या मेल्या होत्या. लाल रंग जाऊन त्या पांढरट पडल्या होत्या.

“पालक जास्त झाला असेल,” संयोगिता म्हणाली. पालक बंद केला. तीन दिवस बरे गेले आणि आठव्या दिवशी सकाळी सात मेल्या.

“ऊन लय हाय. पानी तापलं आसंल,” फिरदोस म्हणाली. त्यांनी थर्मामीटर लावला, टाकीभोवती ओला टॉवेल गुंडाळला, पंखा लावला. पारा खाली आला. उरलेल्या कोळंब्या मात्र कोपऱ्यात गोळा होऊन बसल्या होत्या. चरत नव्हत्या, हलत नव्हत्या.

आता एकच उपाय उरला होता. संयोगिताने अर्धी टाकी रिकामी करून पिंपातलं ताजं पाणी भरलं.

दुसऱ्या दिवशी नऊ मेल्या.

पंचविसांतल्या पाच राहिल्या. संयोगिता मेलेल्या कोळंब्या चमच्याने काढत होती. आपण निवडलेली एकेक वस्तू आपल्यालाच हसते आहे, असं तिला वाटत होतं. दादासोमामा चहाचा कप घेऊन दारात आले.

“पान्यातलं किडं हाय ते. मरनारच. कशाला पोरीच्या जिवाला घोर लावतीस?”

राजनंदिनीने तोंड भिंतीकडे केलं. “माझ्याजवळ ठेवलं की मरतंय सगळं. घिऊन जा ती टाकी.”

संयोगिताने चमचा खाली ठेवला. ती मागच्या पायरीवर जाऊन बसली. फिरदोस शेजारी येऊन बसली. साताऱ्याला परत जायला पाच दिवस उरले होते आणि जाताना मागे रिकामी टाकी राहणार होती.

संध्याकाळी टाकी उचलायला दोघी खोलीत गेल्या, तेव्हा राजनंदिनीने उशीखालून वही काढली. दिवसभर पडल्या पडल्या ती सगळं लिहून ठेवत होती: कधी खायला दिलं, कधी पाणी बदललं, कधी किती मेल्या.

“टाकी न्यायच्या आधी येवढं बघा,” ती म्हणाली. “तिन्ही बारीला आदल्या दिशी पानी बदललंय. आधल्यामधल्या दिवसांत एक बी मेली न्हाई. आन काल जास्त बदललंत, तर जास्त मेल्या.”

संयोगिताने वही दोनदा वाचली.  औषध म्हणून आपण जे ओतत होतो, तेच विष होतं.

“पण ते तर नळाचं पाणी. दिवसभर पिंपात ठेवलेलं, क्लोरीन उडून जायला.”

“कुठल्या पिंपात?” राजनंदिनीने विचारलं.

पिंप मामांनी दिलं होतं. दोघी परसात धावल्या. निळंच प्लास्टिकचं पिंप, त्यामुळे आत काही चिकटलेलं असलं तरी दिसत नव्हतं. फिरदोसने काठाच्या खाचेत नख घातलं. नखात फिकट निळसर पापुद्रा आला.

“ह्यो पिंपाचा रंग न्हवं,” ती हळूच म्हणाली. “मोरचूद हाय.”

द्राक्षबागेवर मोरचूद आणि चुन्याची फवारणी करतात, हे तिथल्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. साताऱ्याच्या दुकानदाराने बाकी काहीही सांगितलं असलं, तरी एक गोष्ट दोनदा बजावली होती: कोळंबीला तांबं चालत नाही, थेंबभरसुद्धा.

मामा ऐकेनात. “तीनदा धुतलंय मी पिंप. उगं काय तर सांगू नगासा.”

“धुतलं असंल वो मामा,” फिरदोस म्हणाली, “आमी नुसतं बघतो.”

फिरदोसचे वडील चांदसाहेब फवारणीचे पंप दुरुस्त करत. मोरचुदाच्या पाण्यात लोखंड राहिलं की त्यावर तांब्याचा थर चढतो, हे तिने दुकानात कितीदा पाहिलं होतं. तिने पॉलिशपेपरने घासून दोन खिळे चकचकीत केले. संयोगिताने दोन काचेच्या पेल्यांत लिंबू पिळलं आणि एकात पिंपाच्या खाचेतला पापुद्रा खरवडून टाकला, आंबटात तो विरघळावा म्हणून. दोन्हींत एकेक खिळा सोडला. पेले राजनंदिनीच्या उशाशी ठेवले आणि तिघी बघत बसल्या.

तासाभराने संयोगिताने मामांना हाक मारली. एक खिळा होता तसाच होता. दुसरा तांबूस झाला होता.

मामांनी खिळा हातात घेऊन बोटाने घासला. 

“उद्यापासनं वासराला पानी ठिवनार हुतो मी ह्याच पिंपात,” ते म्हणाले. “चुकलं माझं, पोरींनो.”

रात्री जेवायच्या आधीच त्यांनी पिंपावर लाल रंगाने ‘फवारणी’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलं. चांदसाहेब मुद्दाम खिळा बघायला आले. “मोठी मान्सं बघत न्हाईत ते पोरींनी बघितलं,” ते म्हणाले. मामीने तिघींना जवळ घेतलं आणि गल्लीभर ही गोष्ट सांगितली.

संयोगिताला ते कौतुक ऐकवत नव्हतं. पाच कोळंब्या माठातल्या पाण्याच्या बरणीत ठेवल्या होत्या. सकाळपर्यंत त्यांतल्या दोन गेल्या. उरलेल्या तीन बरणीच्या तळाशी बसून होत्या. त्या जगतील की नाही, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. राजनंदिनीच्या पायाचंही तसंच होतं. ऑपरेशनची तारीख आली होती, पुढचं कुणी बोलत नव्हतं.

जायच्या आदल्या दिवशी मामा स्टीलची नवी घागर घेऊन आले. “नळाला पानी आलंय. भरून आनतो.”

“थांबा,” बरणीकडे बोट दाखवत राजनंदिनी म्हणाली. “मी बघितल्याबिगर ह्यांच्या पान्यात काय बी पडनार न्हाई.”

“आगं, तू कशी येनार?”

“तुमी उचला.”

मामांनी मामीकडे बघितलं. मग घागर खाली ठेवली, वाकले आणि प्लास्टरसकट तिला दोन्ही हातांवर घेतलं. संयोगिताने पुढे होऊन तो जड पाय खालून धरला. फिरदोसने घागर उचलली. दाराच्या चौकटीतून तिरकं होत, एकेक पाऊल टाकत ते सगळे अंगणात आले.

राजनंदिनीने उन्हाने डोळे बारीक केले. मग घागरीत हात घालून, बोटांनी आतून कडा चाचपत ती म्हणाली, “आनी एकदा धुवा.”