मारोतरावांचं पथ्य

गिरिधर डॉक्टरांचा एक्स-रेचा दवाखाना रामदासपेठेत, त्यांच्या राहत्या घरातच होता. त्यामुळे फोटो काढायला आलेल्या पेशंटला पुढच्या खोलीत फिनेलचा वास यायचा आणि मागच्या खोलीत फोडणीचा. सन पंचावन्नचा सुमार असेल. पित्ताच्या खड्यांची तपासणी तेव्हा मोठी खटपटीची होती. आदल्या संध्याकाळी बिनतेलातुपाचं जेवण, वर गोळ्या, मग सकाळपर्यंत उपास. गोळ्यांमुळे पित्ताची पिशवी फोटोत पांढरी उमटायची आणि आतले खडे काळे दिसायचे. पहिला फोटो झाला की पेशंटला भरपूर तूपलोणी खाऊ घालायचं आणि तासाभरानं दुसरा फोटो घ्यायचा. चांगली पिशवी तूपलोणी पोटात जाताच आक्रसते आणि पित्त सोडते. तशी ती आक्रसली तर पथ्यावर भागायचं, नाही तर ऑपरेशन. आणि ऑपरेशनला त्या काळी माणसं घरच्यांचा निरोप घेऊनच जात.

तांडापेठेतले विणकर मारोतराव आपल्या बायकोला, जनाबाईला, घेऊन आले ते सकाळीच. तिच्या उजव्या बरगडीखाली वरचेवर कळ यायची. ऑपरेशनचं नाव निघालं की तिचा चेहरा पडे, आणि तिच्यापेक्षा नवऱ्याचा जास्त. गडी तसा गोल गरगरीत, हसरा. पण बायको उपाशी म्हणून तेही रात्रीपासून उपाशी होते.

पहिल्या फोटोत तीन खडे दिसले. डॉक्टरांनी बशी आणून ठेवली. तुपात तळलेली दोन अंडी, लोणी थापलेला पाव, वाटीभर साय. तासाभरानं दुसरा फोटो काढला, फिल्म धुऊन उजेडात धरली, तर पिशवी कशी छान आक्रसलेली! डॉक्टर खूश झाले.

"ऑपरेशन नको. पथ्य पाळा, बस."

"देव पावला," मारोतराव म्हणाले. "आन् डॉक्टरसाहेब, अंडे काय झकास होते!"

"तुम्हाला काय माहीत?"

जनाबाईनं पदर तोंडाला लावला. उलगडा झाला तो असा. त्यांच्या घरी नवऱ्याआधी बायको जेवत नसे. डॉक्टरांची पाठ वळताच तिनं बशी नवऱ्यापुढे सरकवली. तिच्यासाठी दुसरी येईलच, या भरवशावर मारोतरावांनी ती पुसून साफ केली. जनाबाईच्या पोटात पाण्याचा थेंबही नव्हता.

डॉक्टर भडकले. "मग हिची पिशवी आक्रसली कशानं?"

"ते मले काय ठाऊक? मशीन तुमची."

पुढच्या आठवड्यात सगळं पुन्हा केलं. या वेळी डॉक्टरांनी मारोतरावांना फाटकाबाहेर पिटाळलं आणि जनाबाईला समोर बसवून खाऊ घातलं. नवरा जेवला नसताना जेवायची लाज वाटून ती भिंतीकडे तोंड करून जेवली. फोटो आला, तर पिशवी जशीच्या तशी, भरल्या वांग्यासारखी टम्म. थोडं थांबून आणखी एक घेतला. तेच. म्हणजे ऑपरेशन आलं. ते या दोघांना सांगायचं कसं, या विचारात डॉक्टर हात धुवायला वळले.

तेवढ्यात टेबलावर पडलेली जनाबाई बरगडी धरून कळवळली, "आवो, काय खाऊन राहिले बाहेर?"

डॉक्टरांनी खिडकीतून पाहिलं. फाटकाशी भज्यांची गाडी लागली होती आणि मारोतराव मन लावून बोटांचं तेल चाटत होते.

लगेच घेतलेल्या फोटोत पिशवी आक्रसत चालली होती.

डॉक्टर शास्त्राचे माणूस. त्यांनी खुर्ची ओढून जनाबाईला नीट विचारायला सुरुवात केली. ती तर कितीतरी महिने बिनतेलातुपाचं खात होती. मग कळ यायची कधी? पुतण्याच्या लग्नात ह्यायनं तेल ओतून वडाभात हाणला तेव्हा. मित्रांसोबत सावजी मटण झालं तेव्हा. ती सांगत गेली आणि डॉक्टरांच्या अंगावर काटा येत गेला. पण पेशंटला काहीतरी सांगणं भागच होतं.

"मारोतराव, उद्यापासून तेल-तूप बंद."

"कोनाचं?"

"तुमचं."

"तर्री?"

"नावसुद्धा काढायचं नाही."

मारोतराव बायकोकडे वळले. "मले आधी काहून नाही सांगतलं वं? तुले दुखून राहिलं, आन् मी आपला हादडून राहिलो."

त्या दिवसापासून हा खवय्या माणूस बिनतुपाच्या वरणभातावर आला. धोतर सैल झालं, शेजारपाजारच्यांनी येताजाता टिंगल केली. जनाबाईची कळ मात्र गेली ती गेलीच. दसऱ्याला दोघं सोनं द्यायला यायची. मागच्या खोलीतल्या फोडणीचा वास मारोतराव डोळे मिटून घ्यायचे आणि डॉक्टर पोट धरून हसायचे. हा प्रकार त्यांनी दुसऱ्या डॉक्टरला कधी सांगितला नाही. सांगून वेड्यात कोण निघणार?

मग एका पावसाळ्याच्या शेवटी जनाबाई एकटीच आली. कपाळ मोकळं होतं. उन्हाळ्यात मारोतरावांना लू लागली आणि दोन दिवसांत ते गेले.

"वरणभातच खाऊन गेले हो," म्हणून ती रडली. डॉक्टरांनाही भरून आलं.

डोळे पुसून ती म्हणाली, "कळ पुन्हा चालू झाली, डॉक्टरसाहेब. दोन्ही टायमाले."

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला टेबलावर घेतलं. पहिल्या फोटोत पिशवी भरलेली, खडे तेच तीन. ते बशी आणायला निघाले.

"राहू द्या," जनाबाई म्हणाली. तिचा हात बरगडीवर गेला. "बसले."

"कोण बसले?"

कळीनं तिच्या कपाळावर घाम आला होता, आणि ती हसत होती.

डॉक्टरांनी फोटो काढला. थोड्या वेळानं आणखी एक.

पिशवी करंगळीएवढी झाली होती.

"पथ्य आता कुणाला सांगायचं? ऑपरेशनच करावं लागेल," डॉक्टर फिल्म खाली ठेवत म्हणाले. "पिशवी काढली की दुखणं संपेल."

"नको."

"जिवावर बेतेल, जनाबाई."

"पिशवी काढली तं ते जेवले का उपाशी हायेत, मले कसं कळन? माह्यापायी लय दिवस मन मारलं त्यायनं. आता खाऊ द्या पोटभर."

टेबलावरून उतरून तिनं पदर सावरला. दारापाशी मात्र ती थांबली. चेहऱ्यावरचं हसू मावळलं होतं.

"एक सांगा, डॉक्टरसाहेब. त्यायनं उभ्या जन्मात कधी आपल्या हातानं घेऊन खाल्लं नाही."

तिनं आवाज खाली आणला.

"मंग तिथं त्यायले वाढून कोन राहिलं?"