चावी वाढवली

मुद्रापेशी तांदळाच्या कणीएवढी होती. चंद्रावरच्या आदेशकेंद्रात, काचेच्या कुपीत, ती एकटीच बसलेली असे. गुरूच्या वाटेवरच्या 'भिंगरी' यानाला धाडायचा प्रत्येक शब्द आधी तिच्यापाशी जाई, तिच्या पोटातल्या चावीचा अदृश्य शिक्का लेऊन मगच आकाशात निघे. बिनशिक्क्याचा शब्द यान ऐकतच नसे.

चावी म्हणजे एक भला मोठा गुप्त आकडा. हिराजी तांडेलांनी तो आज्ञारेषेवरून, काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा टंकत, पेशीत भरला होता. पेशीची आज्ञाभाषाही त्यांचीच, साध्या मराठीत रचलेली.

भिंगरीत केतकी एकटी होती. केतकी म्हणजे केंद्रात हिराजींच्या हाताखाली काम करणाऱ्या आसावरी कारखानीसची धाकटी बहीण. उद्या गुरूला वळसा घालून यान घराकडे वळवायचं होतं. वळणाची आज्ञा चुकली, तर गुरूच त्याला गोफणीतल्या दगडासारखं सूर्यमालेबाहेर भिरकावणार होता. आतल्या माणसाने सुकाणू धरायची सोय नव्हती; एका वैमानिकाचं मन एकांतात फिरलं, तेव्हापासूनचा तो नियम.

चावीची मुदत आज संपत होती. हिराजी डबा खायला गेले होते. एवढं तर मलाही जमेल, म्हणून आसावरीने टंकलं: चावी वाढव.

पडद्याने विचारलं: चावी वाढवू?

हो.

चावी वाढवली.

ती हसली. मग तिने वळणाची आज्ञा शिक्क्यासाठी पुढे केली. पडदा म्हणाला: चावी नाही.

"काका!"

हिराजी हात पुसत आले. "काय गं, उंदीर दिसला का चंद्रावर?"

त्यांनी पडदा वाचला, पुन्हा एकदा वाचला. "तू... वाढव लिहिलंस?"

"मुदत वाढवायची होती ना!"

"त्याला 'मुदत लांबव', पोरी. 'वाढव' म्हणजे पुसणं."

"वाढव म्हणजे पुसणं? हे कुठलं मराठी?"

"आमच्या अलिबागकडचं. तुमच्या घरातलंही असेल. दिवा विझवला म्हणतो का आपण? वाढवला म्हणतो. बांगडी फुटली तर वाढली. दुकान बंद करायचं तर वाढवायचं." त्यांनी कुपीकडे पाहिलं. "एका जिवाची दोरी ती चावी. तिला 'पूस' म्हणायला जीभ रेटली नाही माझी."

आसावरीला आठवली ती शाळेतली बेरीज. तिच्या मराठीत वाढवणं तेवढंच होतं.

"प्रत असेल की."

"नाही ठेवली. प्रत चोरीला जाते. पेशीने आकडा एकदा गिळला की बाहेर सगळीकडून पुसायचा, हाच तर तिचा भरवसा."

"मग नवी चावी घालू."

"घालू. पण यान ती मानेल कशी? नव्या सुनेची ओळख जुन्या सासूनेच करून द्यायची असते. सासूच राहिली नाही."

"आकडा शोधून काढता येईल?"

"सूर्य थंड होईल तोवर."

मग आसावरी म्हणाली, "जुन्या आज्ञा आहेत ना, शिक्का मारलेल्या. त्याच परत पाठवल्या तर?"

"प्रत्येक आज्ञेला क्रमांक आहे. वापरलेला क्रमांक यान फेकून देतं." हिराजी थांबले. "निरोपांना मात्र क्रमांक नाही. निरोप शिळा झाला म्हणून काय बिघडतं, असं वाटलं तेव्हा."

एवढ्यात केतकीचा निरोप येऊन पडला होता; आसावरीने तो लावला. "ताई, वळणाची आज्ञा अजून आली नाही. झोपलीस काय? वरातीसारखं रमतगमत चाललंय तुमचं!"

तिला उत्तर द्यायला आसावरीपाशी शिक्क्याचं एकच बोलणं उरलं होतं. बाकीचे निरोप केंद्राने जागा मोकळी करताना काढून टाकले होते. हा तिने हट्टाने ठेवला होता, केतकीच्या वाढदिवसाचा.

"पाठवू, काका? की गप्प राहू?"

"आवाज तुझाच आहे. शिक्काही खरा आहे," हिराजी म्हणाले. "खोटं काय ते तूच ठरव."

तिने पाठवला. खोलीत तिचाच हसरा, बेफिकीर आवाज घुमला:

*दूरच्या गं पाण्यावरी, माझी केतकी डोलते*
*वारा परतला घरी, ती का मागे रेंगाळते?*

"काळजी करू नको गं केतू. वेळेवर वळवते तुला."

शब्द तिथे पोचायला पाऊण तास, परत यायला तेवढाच. त्या वेळात आसावरीने चार वेळा चहा केला आणि चारही वेळा तो तसाच निवला.

केतकीचा आवाज आला तेव्हा त्यात हसू नव्हतं, पण रडणंही नव्हतं.

"ताई, हा माझ्या वाढदिवसाचा निरोप आहे. तुझ्या आवाजामागे काका शिंकलेत, ती शिंक ओळखते मी. म्हणजे नवा शिक्का उमटत नाही तुमच्याकडे." खिडकीची झडप सरकल्याचा आवाज आला. "तू मुद्दाम खोटं नाही बोललीस. तुझ्याकडे दुसरं काही नव्हतंच ना? समजलं मला. तुम्ही मला ऐकताय, तोवर मी बोलत राहीन. आता गुरू खिडकीभर झालाय. फार देखणा आहे गं."

हिराजींनी तोंड फिरवलं.

"आणि ताई, ते गाणं परत लाव."

आसावरीने लावलं.