गोठ्यातल्या गाड्यांचा वर्षावास

दारात एक छत्री आली, छत्रीखाली एक माणूस आला, आणि ओळख ना पाळख, त्याने पहिलाच प्रश्न विचारला तो असा—

"पिल्लं किती दिवसांची झाली?"

मी मोटारसायकलची चेन पुसत होते. हात तसाच राहिला. कुठली पिल्लं ते मला कळेना, म्हणून तो बघत होता तिकडे मी बघितलं. आमच्या गोठ्यात अकरा मोटारसायकली ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकीच्या डोक्यावर शंभराचा एकेक बल्ब, आणि तोही दिवसाढवळ्या ढणढणा पेटलेला. आमच्या मुरबाडकडे असे बल्ब कोंबड्यांच्या शेडमध्ये लावतात. बघणाऱ्याला दुसरं काय वाटणार? पण मला राग यायचा तो आलाच.

"मोटारसायकली हायत," मी म्हटलं. "अंडी नाय देत."

"तरीच… म्हटलं, एवढे युनिट खाऊन पण यांचं अंग का भरत नाय."

तो मीटरचं रीडिंग घ्यायला आला होता. नेहमीचे काका रिटायर झाले, म्हणून शहापूरकडून हा नवा आला. गळ्यातलं कार्ड भिजू नये म्हणून त्याने ते शर्टाच्या खिशात कोंबलं होतं. चहा देताना आईने ते सरळ बाहेर काढून वाचलं. बुद्धभूषण, गाव तानसा. आईने जय भीम केला, त्याच्या आईचं माहेर विचारलं, आणि पाच मिनिटांत तो आमच्या घरचा झाला. माझा मात्र नाही झाला. मी अजून कोंबड्यांवरच होते.

हा गोठा खरं तर बाबांच्या बैलांचा. गुडघे दुखायला लागले तशी दोन वर्षांपूर्वी बाबांनी म्हसा गावच्या जत्रेत जोडी विकली, आणि रिकामा गोठा मी मागून घेतला. वरच्या पाड्यांचा रस्ता पावसात वाहून जातो. तिथली पोरं गाड्या खाली ठेवून पायी चढतात. झाडाखाली गंजण्यापेक्षा त्या माझ्याकडे राहू देत, असं मी म्हटलं. आषाढ पौर्णिमेला गाड्या येतात आणि अश्विन पौर्णिमेला जातात. भिक्खू पावसाचे तीन महिने एका जागी राहतात, तशाच या, असं आई म्हणाली. मग मी पत्र्याच्या दारावर ऑइलपेंटने 'वर्षावास' असं लिहून टाकलं.

नाव झकास होतं, पण गेल्या वर्षी बल्ब जाळूनही चार गाड्यांच्या चेनी गंजल्या. या वर्षी गाड्या आत घेताना बाबांनी मला सांगितलं, "पुने, यंदा पण गंज आला, तर मी जत्रेतून जोडी आणणार. गोठा माझा मला दे. बैल गंजत नाय." माझं स्वतःचं म्हणावं असं जगात तेवढंच होतं, तो गोठा आणि दारावरची ती चार अक्षरं.

हे सगळं आईने त्या रीडिंगवाल्याला बिनविचारता सांगितलं. तो चहा संपवून उठला. गोठ्यात येऊन त्याने जमिनीला तळहात लावला, भिंतीला लावला, मग मला विचारलं, "दार कधी उघडता?"

"रोज दुपारी. हवा खेळाया नको?"

"बाहेरची हवा भिजलेली. तिला रोज आत बोलावता, मग बल्ब लावून वाळवता. दुसऱ्या दिवशी परत बोलावणं."

मला इतका राग कधी आला नव्हता, कारण तो खरं बोलत होता.

त्याने काय काय करायचं ते सांगितलं आणि मी ते केलं, पण तो गेल्यावर. दार बंद ठेवलं. दाराखालच्या फटीला जुन्या ट्यूबची पट्टी ठोकली. भिंतीला पाणी मुरत होतं, तिथे बाहेरून चर खणून ते ओढ्याकडे वळवलं. ओल जमिनीतून वर येते म्हणून खाली ताडपत्री अंथरली आणि गाड्या फळ्यांवर चढवल्या. मुरबाडच्या दुकानातून ओलावा दाखवणारं एक घड्याळ आणलं, तळहाताएवढं. त्याचा काटा साठाच्या खाली असला की निवांत झोपायचं. पंखा एकच, भिंतीतला, आणि तोही बाहेर कडक ऊन पडेल त्याच दिवशी तासभर. बल्ब सगळे बंद.

पुढच्या महिन्यात तो आला. मीटरपुढे वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"काय झालं? आकडे वाचता येत नायत?"

"गेल्या खेपेला तीनशे चाळीस. आज एकसष्ट." त्याने माझ्याकडे बघितलं. "मीटर बंद पडलाय का ते बघतोय."

"बघा ना… सावकाश बघा."

का म्हटलं मी असं, देव जाणे. आमच्यात देव मानत नाहीत, म्हणजे कुणीच न जाणे. तो लाजला आणि छत्री विसरून गेला. छत्री तो पुढच्या महिन्यात नेणार होता, आणि मी ती रोज झटकून ठेवत होते. एकसष्ट युनिटांच्या घरात तीस दिवस किती लांबतात, ते मला त्या श्रावणात कळलं.

आणि मग पोळा आला. त्या दुपारी मी आईबरोबर विहारात गेले होते. परत आले तर बाबा ओट्यावर पाय पसरून बसलेले, तोंडावर समाधान. मी गोठ्याचं दार उघडलं. अकराच्या अकरा गाड्या निथळत होत्या. बाबांनी त्या एकेक करून ओढ्यावर नेल्या होत्या. नारळाच्या काथ्याने घासल्या, अंघोळ घातली, हँडलला गोंडे बांधले, आणि ओल्याच आत उभ्या करून दार लावलं होतं. माझ्या ट्यूबच्या पट्टीने ते घट्ट बसलंही होतं. घड्याळाचा काटा चौऱ्याण्णववर होता.

"सणाचा दिस," बाबा हळूच म्हणाले. "दाव्याला होते तेवढे धुतले. हात ऐकत नाय गो."

मी रागावले असते, पण बाबांच्या डोळ्यांत दोन वर्षं न धुतलेली बैलजोडी दिसत होती. मी आत गेले आणि छत्रीच्या मुठीवर लिहिलेला नंबर लावला. पहिल्यांदाच. तो पहिल्याच रिंगला म्हणाला, "बोला पौर्णिमा," आणि मला कळलं की माझा नंबर त्याच्याकडे आधीपासून होता. बिलावर असतो.

तानशाहून आमच्याकडे यायला सव्वा तास लागतो. तो तासाच्या आत आला, चिंब भिजून. छत्री आमच्याकडेच होती ना. त्याने काट्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि मला म्हणाला, "बल्ब लावा. सगळे."

"तुमीच बोलला होता—"

"बोललो होतो. आज भिजलेली हवा आतच हाय. गरम करायची आणि दार उघडून घालवायची. एक दिवस दोन्ही करू द्या."

आईने जुनी सुती लुगडी काढली. आम्ही चौघे पुसायला बसलो. चेनी, स्पोक, ब्रेकच्या तारा, सगळं. बाबा सगळ्यांत जास्त पुसत होते. संध्याकाळ होता होता आईने त्यांना चहाला उठवलं, आणि अकराव्या गाडीशी आम्ही दोघंच राहिलो. चाकाच्या या बाजूला मी, त्या बाजूला तो. मधे छत्तीस तारा.

"एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "दसऱ्यानंतर नवे मीटर बसतायत. ते आपला आकडा आपणच पाठवणार… रीडिंगला माणूस नाय लागणार."

"मग तुमी?"

"शहापूरला एकजण मोटर वाइंडिंगच्या कामाला बोलावतोय. कामाची काळजी नाय." तो एकच तार पुन्हा पुन्हा पुसत होता. "इकडं यायचं कारण नाय उरणार."

मला रडू आलं. गाडीच्या चाकामागे बसून, हातात ग्रीसचं फडकं घेऊन, सरळ रडू आलं. मी त्याला म्हटलं की बल्बचा उजेड डोळ्यांवर येतोय. त्याने उठून तेवढा एक बल्ब बंद केला.

तिसऱ्या दिवशी काटा अठ्ठावन्नवर आला. भाद्रपदात तो रीडिंगला आला, पण बरोबर साहेब होते, म्हणून फक्त छत्री घेऊन गेला.

अश्विन पौर्णिमेला वरच्या पाड्यांतली पोरं खाली उतरली. विहारात वर्षावासाची सांगता झाली, खीर झाली, आणि मग सगळा गाव आमच्या अंगणात जमला. मी दार उघडलं. बाबा स्वतः प्रत्येक चेनवरून बोट फिरवत गेले आणि बोट धोतराला पुसत राहिले. धोतर पांढरंच होतं. मग एकेक किक बसली. अकरावी गाडी फाटकातून गेली तेव्हा बाबा रिकाम्या गोठ्याकडे बघून म्हणाले, "जत्रेला जाईन. पण आता नुसते बैल बघून येईन."

मी हसले. हसता हसता रस्त्याकडे बघितलं, आणि बारावी गाडी फाटकातून आत आली.

तो उतरला. गाडी चकाचक होती, अंगावर नवा शर्ट होता. "ठेवायचीय," तो म्हणाला.

"पाऊस संपला."

"पुढचा येईलच की."

"आठ म्हयने आधी?" बाबांनी विचारलं. आईने बाबांच्या दंडाला धरलं आणि खीर दाखवायला आत नेलं.

"घरी कसे जाणार?" मी विचारलं.

"यष्टीनं. दोन बदलून."

"आणि गाडीची गरज लागली, तर?"

"इथं यावं लागंल." त्याने किल्ली पुढे केली. "पौर्णिमा, मला कारण पाहिजे होतं… दुसरं काय सुचलं नाय. म्हयन्यातून एकदा बघून आता भागत नाय माझं. तुमाला चालणार नसंल, तर गाडी घेऊन जातो."

मी किल्ली घेतली. खरं तर ती मी केव्हाच घेतली होती, त्या दिवशी, छत्तीस तारांच्या पलीकडून.

"उभी ठेवली तर बॅटरी उतरते," मी म्हटलं. "दर रविवारी चालवावी लागंल. ते काम मालकाचं. वर्षावासात तसा नियम हाय."

"कधीपासून?"

"आतापासून."

त्याला स्टँडवर सोडायला मी निघाले. त्याचीच गाडी, चालवत मी, मागे तो, आणि आमच्या दोघांच्या मधे त्याची ती छत्री. मुरबाडच्या स्टँडवर शहापूरची यष्टी लागलेलीच होती. आमचं बोलणं अर्धं राहिलं होतं, म्हणून ती आम्ही सोडली. दुसरी दीड तासाने होती. तीही सोडली.