मागचं पाऊल

हळदीत वाजवायची गाणी आधी घरीच पुरती वाजवून पाहावीत, असा प्रविणचा नेम होता. गाव धरमतरच्या खाडीकाठी. पण पेणपासून रोह्यापर्यंत कुणाच्या हळदीत पोरं नाचवायची असली की बोलावणं त्यालाच. त्या दुपारी त्याने बार्जवरच्या खलाशाने दिलेली परदेशी कॅसेट टेपमध्ये घातली. सगळं संगीत मशिनवर बनवलेलं. वर एक बाप्या दम न घेता बडबडतोय आणि खाली ओटी हादरवणारा ठेका. प्रविण खूश झाला.

ओटीवर त्याचा बा, कान्हू, भिंतीला टेकून बसला होता. गेल्या पावसाळ्यात प्रविणची आय, सगुणा, गेली आणि म्हातारा गप्पच झाला. दिवाळी सरून मिठागरात वाफे तुडवायची वेळ आली, तरी हलेना. जेवण चार घासांवर आलेलं. आयमागे बासुद्धा जातो की काय, या भीतीने प्रविणचा जीव थाऱ्यावर नव्हता.

दुसरं गाणं लागलं आणि कान्हूची मान वर झाली.

"तुझी आय हाय ती," तो म्हणाला.

प्रविणने कान दिला. धप् करून ठेका पडायचा, आणि त्याच्यामागे जरा रेंगाळून आणखी एक, हलका. वाफ्याचा तळ घट्ट करायला चिखल पायांनी तुडवावा लागतो. नवरा-बायको जोडीने, वाफ्यातली आपापली पट्टी ज्याची त्याने. सगुणाचा डावा पाय अधू. तिचं पाऊल नेहमी मागून पडायचं. सगळं आगर हसायचं, आणि सगळ्यांत जास्त तीच.

प्रविणने समजावलं की हा मशिनचा ठेका, त्या लोकांची गाणी अशीच लंगडत चालतात. कान्हूने ऐकून घेतलं आणि सकाळी टेप काखोटीला मारून मिठागराची वाट धरली. संध्याकाळी त्याने भाकरी मागून घेतली. प्रविणला हसू आलं.

पुढे रोह्याला अक्षयच्या कॅसेटच्या दुकानात तोच अल्बम दिसला. प्रविणने सहज लावायला सांगितला. दुसरं गाणं तेच, बडबडही तीच. ठेका मात्र सरळ होता.

त्याने पुन्हा लावायला सांगितलं. मागचं पाऊल नव्हतंच.

घरी त्याने हे सांगितलं नाही. बा जेवतोय ना, मग झालं.

शेजारच्या गावी हळद होती, म्हणून तो टेप आणायला मिठागरात गेला. वाफ्यात कान्हूची पट्टी तुडवून चकचकीत झाली होती. शेजारची तशीच, ओली.

"बा, ही रायली."

"ती तिची हाय. मी कशाला तुडवू? पाऊल उशिरा टाकते, पन टाकते." मग त्याने आपणहून टेप पुढे केला. "ने. आता नको."

बांधावर येऊन प्रविणने दुसरं गाणं लावून पाहिलं. ठेका सरळ.

मागे नेऊन पुन्हा लावलं. सरळच.

त्याने टेप बंद केला.

पाठीमागे वाफ्यात बाचा पाय पडला. जरा रेंगाळून आणखी एक, हलका.

प्रविणने वळून पाहिलं नाही. त्याचे डोळे भरून आले होते.

"सावकाश गो, आये," तो हळूच म्हणाला.

बाचा पाय पडतच राहिला. हलकं पाऊल तेवढं, हाक ऐकल्यासारखं, थांबलं.