कोऱ्या मेमरीत काय होतं

हे खरं आहे. आयुष्यभर थापा मारून पोट भरलेल्या माणसाने असं म्हटलं की लोक हसतात, हे मला ठाऊक आहे. पण मी त्या खोलीत होतो. स्टुलावर बसून बिस्किट खात होतो.

रविवार. दुपारचे अडीच.

भुतांना म्हणे रात्र लागते. पण हॉस्पिटलचा डेटाबेस फक्त रविवारी दुपारी बंद ठेवता येतो. भुतालाही सोय बघावी लागली असेल.

माझी पुतणी तिथे डेटाबेस सांभाळते. कोणत्या पेशंटला कोणतं औषध चालत नाही, ती सगळी माहिती तिच्या ताब्यात. तिची गाडी गॅरेजमध्ये होती, म्हणून मी तिला घ्यायला गेलो होतो.

"दहा मिनिटं, काका," ती म्हणाली. तेव्हा दीड वाजला होता.

सर्व्हरची खोली तळघरात. खिडकी नाही. पंख्यांची घरघर एवढी, की साधं बोलणंही भांडणासारखं वाटावं. सोबत पन्नाशीचा एक मेकॅनिक होता.

"तिसरा रविवार," पुतणी त्याला म्हणाली. "तीच फाइल खराब. पानसुद्धा तेच."

"मेमरी गेलीय." मग तो माझ्याकडे वळला. "काका, फाइल म्हणजे वही, मेमरी म्हणजे पाटी. पाटी फुटकी असली की वहीत चुकीचं उतरतं."

"माझी पाटी कधीच फुटलीय."

"तुमची बदलून मिळत नाही. हिची मिळते."

त्याने सीलबंद पाकीट फोडून नवी मेमरी बसवली. तपासायची पद्धत सोपी असते. सगळीकडे शून्य लिहायचं आणि परत वाचायचं. शून्यच आलं पाहिजे.

त्याने लिहिलं.

वाचलं...

एका जागी शून्य नव्हतं.

"आत्ता फोडलंय हो पाकीट! कोरी करकरीत आहे." त्याने दुसरी बसवली. मग तिसरी, वेगळ्या खाचेत. दर वेळी तीच जागा. तेच आकडे.

पुतणीने ते आकडे अक्षरांत बदलून पाहिले. आधी एक पेशंट नंबर आला. मग एका इंजेक्शनचं नाव. आणि शेवटी...

देऊ नये.

तेवढ्यात पंखे थांबले.

सगळेच्या सगळे. दिवे चालू, स्क्रीन चालू, आवाज मात्र नाही. आणि त्या शांततेत कोणीतरी श्वास घेत होतं. धाप लागल्यासारखा. प्रत्येक श्वास आधीच्यापेक्षा आखूड.

मी मेकॅनिककडे पाहिलं. त्याने ओठ घट्ट मिटून मान हलवली.

आवाज कपाटाच्या मागून येत होता. कपाटामागे भिंत होती.

एक श्वास... अर्धा...

मग काहीच नाही.

पंखे पुन्हा घरघरू लागले. मेकॅनिक म्हणाला, "मी जरा चहा घेऊन येतो," आणि बॅग तिथेच टाकून गेला.

पुतणीचा चेहरा उतरला होता.

"काका, हा नंबर मला माहीत आहे." ती हळूहळू बोलत होती. "पहिल्या रविवारी फाइल बिघडली, तेव्हा दुरुस्तीच्या प्रोग्रॅमने विचारलं, एक नोंद टाकून देऊ का? लाखातली एक. मी हो म्हटलं. सोमवारी कागद बघून पुन्हा भरणार होते. सोमवारी दुसरंच काम निघालं..."

"मग?"

"मंगळवारी या नंबरच्या बाई आल्या. शिवणकाम करायच्या. स्क्रीनवर काहीच दिसलं नाही, म्हणून इंजेक्शन दिलं."

मघाचा तो श्वास कोणाचा होता, ते मला कळलं.

समोरच्या स्क्रीनवर तोच प्रश्न आला होता. एक नोंद वाचता येत नाही. टाकून देऊ?

फोन वाजला. तिचे साहेब. पलीकडचं मलाही ऐकू येत होतं. "चारला सिस्टीम सुरू पाहिजे! हो म्हण आणि मोकळी हो!"

"नाही म्हणतेय, सर."

तिने फोन ठेवला. बॅकअपही त्याच पानावर अडत होता. म्हणून आम्ही खोलीला कुलूप लावून, किल्ली तिच्या खिशात टाकून दुसऱ्या मजल्यावर गेलो, जुन्या केसपेपरच्या खोलीत. पानावर आठ पेशंट होते, सात वाचता येत होते. आठव्याचा नंबर ओळीने लागत होता. दीड तास धूळ खाल्ल्यावर त्याचा कागद सापडला.

त्यावर लाल शाईत तेच इंजेक्शन, देऊ नये. हा पेशंट वॉर्डात दाखल होता.

पुतणीने तिथूनच वॉर्डात फोन लावला. सिस्टर म्हणाल्या, "अगं, सहाला द्यायचं म्हणून ट्रेमध्ये काढून ठेवलंय."

साडेपाच वाजले होते.

ते ट्रेमधून काढलं. आम्ही खाली आलो, कुलूप उघडलं. मेकॅनिक गेटवरच होता, आत यायला तयार नव्हता. पुतणीने आठवी नोंद हाताने भरली. फाइल तपासली. स्वच्छ. मेमरी तपासली. सगळीकडे शून्य.

मग तिने त्या बाईंचा नंबर टाकून पाहिला. उगाच. ती नोंद दोन आठवड्यांपूर्वीच गेली होती.

नोंद होती.

नाव, वय, पत्ता, इंजेक्शन. पूर्वी जिथे 'देऊ नये' होतं, तिथे आता एकच शब्द.

दिलं.

बदल करणाऱ्याच्या रकान्यात पुतणीचं नाव. वेळ चार वाजून दहा. चार वाजून दहाला ती माझ्यासमोर शिडीवर उभी होती, गठ्ठे खाली देत.

त्याच संध्याकाळी तिने साहेबांना पहिल्या रविवारचं सगळं सांगितलं. आठवड्याने चौकशी बसली. समितीने तो शब्द दाखवून विचारलं, "हे तुम्ही लिहिलंत?"

ती "हो" म्हणाली.

घरी येताना मी तिला विचारलं, "खोटं का बोललीस? तू तर शिडीवर होतीस."

तिने गाडीची काच वर केली.

"लिहायला हवं होतं मीच, काका."

नोकरी राहील की जाईल, ते अजून ठरलेलं नाही. तो शब्द कोणी लिहिला, हे मात्र तिला कोणी पुन्हा विचारत नाही. तिने लिहिला नाही, हे तिच्याशिवाय जगात मला एकट्यालाच माहीत आहे.

मला आणि... जिने लिहिला तिला.