पौर्णिमेची सुट्टी

आधीच सांगते, हे खरं घडलेलं आहे.

रचून सांगायचं असतं, तर मी त्यात स्वतःला जरा बरं दाखवलं असतं.

गेल्या थंडीतली पौर्णिमा. जागा म्हणजे बंदरामागच्या गल्लीतली माझ्या धाकट्या बहिणीची खोली. आणि वेळ रात्रीची नव्हे, संध्याकाळची. शेजारी जागे, पोरं रस्त्यावर खेळतायत, कुणाच्या तरी घरी कुकर शिट्ट्या मारतोय, अशी वेळ. अशा गोष्टींना मध्यरात्रच लागते असं मलाही तोवर वाटायचं.

तुम्ही समुद्राकाठचे नसाल तर एक गोष्ट समजून घ्या.

आमच्या बंदरातल्या बोटी दिव्यांवर मासळी धरतात. काळोख्या रात्री पाण्यावर मोठाले दिवे लावायचे. मासळी उजेडाला भुलून वर येते, की टाकलं जाळं. पण पौर्णिमा आली की चंद्र सगळा समुद्रच उजळून टाकतो. मग आमच्या दिव्यांना विचारतो कोण? म्हणून पौर्णिमेच्या सुमारास सगळ्या बोटी परत येतात. चार दिवस सुट्टी.

कवी लोकांना चंद्रात प्रेयसीचं तोंड दिसतं. आम्हाला रजेचा अर्ज मंजूर झालेला दिसतो.

सगळं बंदर त्या चंद्रावर चालतं. भांडणं पौर्णिमेला, समेट पौर्णिमेला, भिंतींना रंग पौर्णिमेला. सुईण तर सुट्ट्या मोजून आपली धावपळ आधीच सांगते. दवाखान्यातला कंपाउंडर म्हणतो की पौर्णिमेला माणसाच्या अंगातलं पाणीही भरतीला येतं, म्हणून डोकी फिरतात. मी त्याला म्हणते, तीन आठवडे समुद्रावर असलेला नवरा एकदम घरात येऊन प्रत्येक डब्याचं झाकण उघडून बघायला लागला, तर बाईचं डोकं फिरायला चंद्र कशाला हवा?

धाकटीचा नवरा बोटीवर दिवेवाला होता. दिवे, वायरी, जनरेटर, सगळं त्याच्याकडे.

आई गेल्यावर धाकटीला मी वाढवलं. त्यामुळे मी त्याची मेहुणी कमी आणि सासू जास्त. तो मला हेडबाई म्हणायचा. मी त्याला जावईबापू म्हणायचे. लग्नाच्या वेळी मी नाक मुरडलं होतं, पण माणूस इतका साधा, की माझं नाक फार दिवस वाकडं राहिलं नाही.

सुट्टीला घरी यायची त्याची एक रीत होती.

दाराबाहेर गमबूट काढायचा. एक धप्प... मग जरा थांबून दुसरा. मग अंगणातल्या नळावर पाय धुवायचा. मग हलकेच खाकरायचा आणि उभा राहायचा. घर स्वतःचं, पण दार कधी ढकललं नाही. आतून उघडलं की मगच आत. मी विचारलं तर म्हणाला, इतक्या दिवसांनी येतोय, घरातल्याला पदर-केस नीट करायला वेळ द्यावा.

त्या थंडीच्या आधीच्या उन्हाळ्यात, एका काळोख्या रात्री, तो बोटीवरून नाहीसा झाला.

सगळे दिवे लागलेले होते. दिवसासारखा उजेड. तरी कुणी त्याला पडताना पाहिलं नाही. बोट सकाळपर्यंत तिथेच फिरत राहिली, एक दिवा विझवला नाही. काही मिळालं नाही.

काहीच नाही.

धाकटी रडली, मग रडायची थांबली, मग वाळत गेली. मी तिला माझ्याकडे राहायला बोलवायचे. ती यायची. पण पौर्णिमा जवळ आली की पिशवी भरून आपल्या खोलीवर परत.

एकदा पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याकडे गेले. शेगडीवर मोठं पातेलं. त्यात आंघोळीचं पाणी, गार झालेलं.

एकट्या बाईला एवढं पाणी?

मी विचारलं तेव्हा ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "ताई, तो येतो."

मी काय करायला हवं होतं? तिच्याजवळ बसायला हवं होतं. एक संध्याकाळ तिच्याबरोबर थांबायला हवं होतं. मी तिला कंपाउंडरकडे नेलं. त्याने भरती-ओहोटीचं आपलं नेहमीचं पुराण सांगितलं आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. पाण्याचा पेला धरून मीच तिला त्या घ्यायला लावल्या.

पुढे थंडीत बर्फाच्या कारखान्यातला माणूस माझ्याकडे आला.

त्याला सगळे बर्फवाला म्हणतात. बायको जाऊन काही वर्षं झालेली, पदरी एक लहान मुलगी. हात कायम गारठलेले, पण बोलणं ऊबदार. चहाचा कप दोन्ही हातांत धरून त्याने मला विचारलं, की धाकटीची हरकत नसेल तर तिच्याशी बोलायला येऊ का. हरकत असेल तर विषय इथेच संपला, मन दुखवून घेऊ नका.

असा माणूस दारी चालून येतो का कधी? मला तर हर्षवायू व्हायचा बाकी होता. याच्या घरात धाकटी पुन्हा जेवायला लागेल, हसायला लागेल, याच्यापलीकडे मला काही दिसत नव्हतं. बोटी सुट्टीला आल्या की बर्फाला गिऱ्हाईक नाही, कारखाना थंड, म्हणजे तो एरवीही थंडच म्हणा. तेव्हा त्याचीही सुट्टी पौर्णिमेलाच. मी दिवस ठरवून टाकला.

धाकटीला सांगितलं. वाटलं, नाही म्हणेल.

ती म्हणाली, "पौर्णिमेला? चालेल. तूही थांब मात्र."

मला एवढा आनंद झाला, की ती एवढ्या पटकन हो का म्हणाली, हा प्रश्नच पडला नाही.

आणि सुट्टी आणखी कुणाकुणाची असते, हेही माझ्या डोक्यात आलं नाही.

त्या संध्याकाळी मी नवीन कप काढले. बर्फवाला वेळेवर आला. शर्ट इस्त्रीचा, केस तेलाने चापून. खुर्ची एकच, ती त्याला. मी पलंगावर, धाकटी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभी. तो आपल्या मुलीचं बोलत होता. ती बर्फाच्या लादीवर बोटाने चित्रं काढते, आणि चित्र वितळलं की बापाशी भांडते. धाकटी चक्क हसली.

किती महिन्यांनी हसली होती ती. मी मनात म्हटलं, जमलं.

खिडकीतून चंद्र वर येताना दिसत होता. मोठा, पिवळा, जाळी वाळत घालायच्या बांबूंच्या मागून.

मग माझ्या लक्षात आलं, की बाहेरचा आवाज थांबलाय.

पोरांचा आवाज नाही. शेजारचा रेडिओ नाही. गल्लीतली कुत्री, जी सुट्टीच्या दिवसांत मासळी नाही म्हणून नुसती केकाटत असतात... तीही गप्प.

बर्फवाला बोलता बोलता थांबला.

आणि दाराबाहेर...

धप्प.

मी धाकटीकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती दाराकडे बघत होती. आम्ही तिघंही वाट बघत होतो, आणि कशाची ते मला कळत होतं.

दुसरा.

तो पडायला जरा वेळ लागला. नेहमीसारखाच.

मग अंगणातला नळ सुरू झाला. पाणी फरशीवर पडल्याचा आवाज आला, पाय एकमेकांवर घासल्याचा आवाज आला.

त्या गल्लीत नळाला पाणी फक्त सकाळी येतं.

मी उठले आणि दिवा बंद केला.

नको असलेला पाहुणा आला की आपण करतो ना, तसं. घरात कुणी नाही असं दाखवायचं. पण खोलीत अंधार झालाच नाही. त्या चंद्राने सगळं धुऊन काढल्यासारखं उजळलं होतं. नवीन कप चमकत होते. बर्फवाल्याचा चेहरा दिसत होता, धाकटीचा दिसत होता. माझाही त्यांना दिसत असणार.

दाराखालच्या फटीतून चांदणं आत आलेलं. फरशीवर एक सरळ, पांढरी पट्टी.

दाराबाहेर कुणी उभं असतं तर ती पट्टी पायांपाशी तुटली असती.

ती कुठेच तुटली नव्हती.

दाराशेजारची भिंत पत्र्याची आहे. तो पत्रा टण्ण करून आत दबला. खांदा टेकल्यावर दबतो तसा. खांद्याच्याच उंचीवर.

आणि मग... खाकरल्याचा आवाज.

अगदी हलका. घरातल्याला पदर-केस नीट करायला वेळ देणारा.

बर्फवाला खालच्या आवाजात म्हणाला, "कुणीतरी आलंय. उघडा ना."

तोही बंदरातलाच माणूस. त्या बोटीला बर्फ तोच द्यायचा. ते खाकरणं त्याने ओळखलं नसेल असं मला वाटत नाही.

धाकटी ओट्यापासून निघाली. दाराकडे एक पाऊल. दुसरं पाऊल.

आता जे सांगणार आहे ते सांगायलाच एवढं लिहिलं.

मला भीती वाटत होती, नाही असं नाही. पण भीतीपेक्षा मोठं दुसरंच काहीतरी होतं. मला वाटलं, हा भला माणूस काय म्हणेल? असल्या घरात कोण सोयरीक करील? इतक्या खटपटीने जमलेलं, आणि नेमका आजच हा आला.

शेजारीण अवेळी टपकल्यावर वाटतं ना, तेवढंच. तेवढंच क्षुद्र.

मी धाकटीचा दंड धरला. घट्ट. आणि दाराकडे तोंड करून बोलले.

"घरात कोणी नाही."

माझा आवाज मलाच ऐकू आला. स्पष्ट, खडा, हेडबाईंचा.



दाराबाहेरून तो म्हणाला, "बरं."

एवढंच. रागाने नाही, रडून नाही. दुकानदाराने आज माल नाही म्हटल्यावर आपण म्हणतो, तसं.

पत्रा टण्ण करून सरळ झाला. बूट घातल्याचा आवाज आला, एक, मग दुसरा. पावलं निघाली. गल्लीच्या तोंडाकडे नाही... धक्क्याकडे. ऐकू येईपर्यंत ऐकू येत राहिली.

मग एकदम रेडिओ सुरू झाला. पोरं ओरडली. कुत्री केकाटली. मधलं काही झालंच नव्हतं जणू.

मी दिवा लावला. धाकटीच्या दंडावर माझी बोटं उमटली होती.

ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "मी एकदाही उघडलं नव्हतं, ताई. दर वेळी पाणी तापवायचे आणि दाराशी बसून राहायचे. एकटीची हिंमत व्हायची नाही. तो उभा राहायचा, मग जायचा." दंड चोळत म्हणाली, "आज तुम्ही दोघं होतात. आज उघडणार होते."



बर्फवाल्याने कप उचलून ओट्यावर ठेवले. स्वतः दार उघडून बाहेर गेला आणि अंगणात उभा राहिला. मी मागून पाहिलं. नळाखालची फरशी कोरडी होती. बूट नव्हते, ठसे नव्हते. नुसतं चांदणं.

बर्फवाला परत आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. धाकटीला म्हणाला, "मी आजचं उत्तर मागत नाही."

तिने पुढच्या महिन्यात हो म्हटलं. लग्न साधंच झालं. आता ती नीट जेवते. ती मुलगी तिला आई म्हणते आणि वितळलेल्या चित्रांसाठी आता दोघांशी भांडते. म्हणजे मला हवं होतं ते सगळं झालं.

धाकटी माझ्याशी चांगली वागते. येते, जाते, माझं दुखलंखुपलं बघते. त्या संध्याकाळचा विषय तिने पुन्हा काढला नाही. तो काढायला नको म्हणून मीच बडबडत राहते.

बर्फवाल्याने मात्र एकदा कारखान्याच्या फाटकात मला सांगितलं. पौर्णिमेला तो घराचं दार उघडंच ठेवतो. धाकटी पाणी तापवते. तो काही विचारत नाही. मुलीला घेऊन शेजारी जाऊन बसतो, म्हणजे धाकटीला संकोच नको.

मी विचारलं, "मग?"

तो म्हणाला, "कोणी येत नाही."

ती जुनी खोली अजून रिकामी आहे. किल्ली माझ्याकडे असते. कुणाला न सांगता मीही पौर्णिमेला तिथे जाऊन बसते. दार सताड उघडं ठेवते. आला तर काय म्हणायचं ते ठरवलंय. ये, जावईबापू. चुकले मी. घरात सगळे होतो.

चंद्र वर येतो. मी आवाज ऐकत बसते. रेडिओ चालू असतो, पोरं खेळत असतात. नळ कोरडा असतो.

चंद्र छपरांच्या वर गेला की मी उठते, दार लावते, कुलूप घालते.

आणि तेव्हा... मला हायसं वाटतं.

हे धाकटीला सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही.